वाचकांचे प्रश्न : दोन अणूंमधल्या रेघेत इलेक्ट्रॉन खरोखर असतात का?

सहसंयुज बंधाविषयीच्या, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेल्या बंधाविषयीच्या, लेखानंतर आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे. कागदावर काढलेली रेघ आणि रेणूतले इलेक्ट्रॉन यांचे नाते नेमके काय, हे शाळेत सहसा स्पष्ट केले जात नाही, आणि पुढे रेणवीय ऑर्बिटलची ओळख झाली की आधीचे सगळे खोटे होते की काय, अशी शंका मनात येते. म्हणून पहिल्या तीन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : हायड्रोजनच्या रेणूच्या आकृतीत दोन अणूंच्या मध्ये दोन ठिपके किंवा एक रेघ काढतात. ते दोन इलेक्ट्रॉन खरोखर त्या मधल्या जागेत थांबलेले असतात का? इलेक्ट्रॉन तर एकमेकांना दूर लोटतात. मग त्यांची जोडी जमल्याने बंध कसा तयार होतो?

उत्तर : थांबलेले मुळीच नसतात. ठिपक्यांच्या जोडीची ही पद्धत गिल्बर्ट लुईस यांनी 1916 मध्ये मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनच्या तरंगरूपाचा शोध लागलेला नव्हता. असे असूनही ती पद्धत आजवर टिकली, कारण कोणते अणू एकमेकांशी जोडलेले आहेत आणि त्यासाठी किती इलेक्ट्रॉन खर्ची पडले, हे ती अचूक सांगते. ते इलेक्ट्रॉन कुठे आहेत, हे सांगणे तिचे कामच नव्हे.

हे दुसरे काम तरंगांचे आहे. प्रत्येक हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन एका तरंगफलाने वर्णिला जातो; एका इलेक्ट्रॉनच्या अशा तरंगफलालाच ऑर्बिटल म्हणतात. एखाद्या ठिकाणी त्या फलाच्या मूल्याचा वर्ग केला की तेथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता मिळते. दोन अणू जवळ आले की त्यांचे तरंग एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे मिसळणे दोन प्रकारे होऊ शकते. दोन्ही तरंगांचे चिन्ह सारखे असेल तर मधल्या जागेत त्यांची बेरीज होते. मध्यबिंदूवर प्रत्येक तरंगाचे मूल्य समजा 1 आहे. स्वतंत्र अणूंच्या शक्यतांची बेरीज 1 अधिक 1, म्हणजे 2 होते, पण तरंग आधी मिळवून मग वर्ग केला तर 4 येतात. एकूण इलेक्ट्रॉन तेवढेच राहावेत म्हणून ही संख्या प्रमाणात खाली आणावी लागते, तरीही मधल्या जागेतली घनता स्वतंत्र अणूंच्या बेरजेहून जास्तच भरते. याला बंधकारक ऑर्बिटल म्हणतात. चिन्हे विरुद्ध असतील तर मध्यावर वजाबाकी होऊन शून्य उरते, म्हणजे दोन केंद्रकांच्या बरोबर मधल्या प्रतलात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यताच उरत नाही. हे झाले बंधविरोधी ऑर्बिटल, आणि त्याची ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा वरची असते. दोन अणूंची दोन ऑर्बिटल्स मिसळली की रेणूची दोनच ऑर्बिटल्स मिळतात, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. ही मोजणी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या उत्तरांत ती सतत लागणार आहे.

हायड्रोजनचे दोन्ही इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकत्व देणारा अंगभूत गुण, त्याच्या दोनच दिशा असतात) घेऊन खालच्या ऑर्बिटलमध्ये बसतात. ते रेणूच्या सगळ्या भागांत, केंद्रकांच्या मागच्या बाजूंसही, आढळतात. मधल्या भागात त्यांचा वावर काहीसा वाढलेला असतो, एवढाच काय तो फरक. या रेणूत केंद्रकांमधील अंतर 74 पिकोमीटर असते आणि बंध तोडायला मोलमागे सुमारे 436 किलोज्यूल ऊर्जा लागते.

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे वळू. जोडी जमल्याने बंध तयार होतो, हे विधानच काटेकोर नाही. हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तरी उरलेला आयन टिकून राहतो; त्यात एकच इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांना धरून असतो, अंतर 106 पिकोमीटर होते आणि बंध तोडायला मोलमागे सुमारे 256 किलोज्यूल लागतात. म्हणजे पूर्ण जोडीने मिळणाऱ्या बळाच्या निम्म्याहून अधिक बळ एकटा इलेक्ट्रॉन देतो. जोडीचे महत्त्व पाउलीच्या अपवर्जन नियमामुळे येते : एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून खालची जागा दोघांनी भरून संपते. तिसरा आला तर त्याला बंधविरोधी जागाच घ्यावी लागते. हेलिअमच्या दोन अणूंकडे मिळून चार इलेक्ट्रॉन असतात; दोन खाली गेले तरी दोघांना वर जावे लागते, आणि बंधविरोधी ऑर्बिटल जेवढे वर चढलेले असते तेवढे बंधकारक खाली उतरलेले नसते, त्यामुळे हिशेब तोट्याचाच ठरतो. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ हेलिअमच्या अणूंची जोडी आढळते खरी, पण त्यांच्यातले सरासरी अंतर 5,000 पिकोमीटरच्या आसपास भरते. तिला नेहमीच्या अर्थाने बंध म्हणता येत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘मध्ये जमलेले इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांना आपल्याकडे ओढतात, म्हणून बंध होतो’ हे स्पष्टीकरण सर्वत्र आढळते, परंतु ते अर्धेच आहे. क्लाउस रुडेनबर्ग यांनी 1962 मध्ये दाखवून दिले की इलेक्ट्रॉनला एकाऐवजी दोन केंद्रकांभोवती पसरता आले की प्रथम त्याची गतिज ऊर्जा घटते, कारण जागा मोकळी झाली की तरंगाला कमी वळणे घ्यावी लागतात. त्यानंतर इलेक्ट्रॉनचा ढग केंद्रकांभोवती थोडा आवळला जातो आणि स्थितिज ऊर्जा खाली येते. शेवटी स्थिर झालेल्या रेणूत गतिज ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा वाढलेली आणि स्थितिज ऊर्जा त्या वाढीच्या दुपटीने घटलेली दिसते, म्हणून केवळ शेवट पाहणाऱ्याला सगळे श्रेय आकर्षणाचे वाटते. पण सुरुवात ढग पसरण्याने होते.

प्रश्न : ऑक्सिजनच्या ठिपका-संरचनेत दुहेरी बंध असतो आणि सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. तरीही ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, असे वाचले. ठिपका-संरचना चुकीची आहे का?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. ऑक्सिजन वायूवर चुंबकाचा परिणाम होतो, हे मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच पाहिले होते. उणे 183 अंश सेल्सिअसला उकळणारा, फिकट निळ्या रंगाचा द्रव ऑक्सिजन बलवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तो तेथे अडकून राहतो आणि तेथल्या तेथे उकळत संपतो. द्रव नायट्रोजन मात्र त्याच फटीतून सरळ खाली गळून जातो. असे ओढले जाणे हे रेणूत जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असल्याचे लक्षण आहे, आणि ठिपका-संरचनेत तर तसा एकही इलेक्ट्रॉन दिसत नाही.

रेणवीय ऑर्बिटलच्या मोजणीत ते आपोआप समोर येतात. दोन ऑक्सिजन अणूंचे मिळून 12 संयुजा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले, इलेक्ट्रॉन. त्या कवचातल्या गोलाकार 2एस ऑर्बिटल्सपासून एक बंधकारक आणि एक बंधविरोधी ऑर्बिटल बनते. त्यांत चार इलेक्ट्रॉन जातात आणि त्यांचा परिणाम जवळजवळ एकमेकांना खोडून काढतो. उरले आठ. प्रत्येक अणूच्या डंबेलसारख्या तीन 2पी ऑर्बिटल्सपैकी एक समोरच्या अणूच्या दिशेने असते, त्यापासून दोन केंद्रकांना जोडणाऱ्या रेषेवरचा सिग्मा बंध मिळतो : दोन इलेक्ट्रॉन. आडव्या दिशांच्या दोन ऑर्बिटल्सपासून सारख्याच ऊर्जेची दोन पाय (म्हणजे त्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पसरलेली) बंधकारक ऑर्बिटल्स मिळतात : चार इलेक्ट्रॉन. आता शेवटचे दोन इलेक्ट्रॉन राहतात आणि त्यांच्यासाठी पुढची जागा म्हणजे पाय प्रकारची दोन बंधविरोधी ऑर्बिटल्स. ही दोन्ही अगदी सारख्या ऊर्जेची आहेत. अशा वेळी एकाच ऑर्बिटलमध्ये जोडी करण्याऐवजी दोन्हींत एकेक इलेक्ट्रॉन सारख्या स्पिनने बसला की रेणूची एकूण ऊर्जा कमी राहते. हाच हुंडचा नियम, आणि ऑक्सिजनच्या चुंबकत्वाचे कारणही हेच. 1929 मध्ये जॉन लेनर्ड-जोन्स यांनी हा उलगडा केला, तेव्हा नव्या पद्धतीचे सामर्थ्य रसायनशास्त्रज्ञांना दिसले.

बंधकारक जागांत आठ आणि बंधविरोधी जागांत चार इलेक्ट्रॉन. फरकाचे निम्मे म्हणजे दोन. दुहेरी बंध येथेही मिळतोच. त्यामुळे ठिपका-संरचनेला सरसकट चूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. बंधाची संख्या तिने बरोबर सांगितली, स्पिनविषयी मात्र तिच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

या मोजणीची खरी परीक्षा आयनांमध्ये होते. बंधातून इलेक्ट्रॉन काढला तर बंध ढिला पडावा, असे कोणालाही वाटेल. नायट्रोजनच्या बाबतीत तसेच घडते : त्याचा सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन बंधकारक ऑर्बिटलमध्ये असतो, तो गेला की अंतर 110 पिकोमीटरवरून 112 वर जाते. ऑक्सिजनचा सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन बंधविरोधी आहे, म्हणून तो काढल्यावर अंतर 121 वरून 112 पिकोमीटरपर्यंत घटते आणि बंध अधिक घट्ट होतो. उलट एक इलेक्ट्रॉन घालून सुपरऑक्साइड आयन केला की अंतर सुमारे 134 होते, आणखी एक घालून पेरॉक्साइड केला की 149 च्या आसपास पोहोचते. ठिपके मांडून ऑक्सिजनच्या पहिल्या दोन आकड्यांचा क्रम आधी सांगता आला नसता.

जोडी न जमलेल्या या दोन इलेक्ट्रॉनांचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाहीत. लाकूड, कागद, आपले शरीर यांतील रेणूंचे जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात आणि ज्वलनानंतर तयार होणाऱ्या पदार्थांतही ते जोडीनेच असतात. सारख्या स्पिनचे दोन सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या ऑक्सिजनला त्यांच्याशी थेट अभिक्रिया करणे त्यामुळे अवघड जाते, म्हणून ऊर्जेच्या हिशेबाने जळायला हवेत असे पदार्थ हवेत शांतपणे टिकून राहतात आणि जळण्यासाठी आधी तापवावे लागतात. ते दोन इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनने जोडले गेले तर मोलमागे 94 किलोज्यूल जास्त ऊर्जेचा ‘सिंगलेट’ ऑक्सिजन मिळतो, आणि तो कितीतरी अधिक आक्रमक असतो.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवते. मिथेनमध्ये कार्बनची चार संकरित (2एस आणि 2पी मिसळून केलेली) ऑर्बिटल्स चार सारखे बंध करतात, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. परंतु मिथेनच्या प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटात दोन वेगळ्या ऊर्जा दिसतात. बंध चारही सारखे असतील तर ऊर्जा दोन कशा?

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजले की संकरण आणि रेणवीय ऑर्बिटल यांतला वाद बराचसा मिटतो.

आधी प्रयोग काय सांगतो ते पाहू. माहीत असलेल्या ऊर्जेचे अतिनील किरण किंवा क्ष-किरण रेणूवर सोडायचे, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची आणि वजाबाकी करून तो काढायला किती ऊर्जा लागली हे ठरवायचे. मिथेनच्या संयुजा इलेक्ट्रॉनांसाठी एक रुंद पट्टा सुमारे 14 इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि दुसरा सुमारे 23 इलेक्ट्रॉनव्होल्टला मिळतो. रेणवीय ऑर्बिटलच्या चित्रात हे सहज बसते. कार्बनचे 2एस ऑर्बिटल चारही हायड्रोजनांशी एकाच चिन्हाने मिसळून एक खोल ऑर्बिटल देते. तीन 2पी ऑर्बिटल्स तीन सारख्या ऊर्जेची ऑर्बिटल्स देतात. एक खाली आणि तीन वर.

मग चार सारखे बंध गेले कुठे? ते कुठेही गेलेले नाहीत. या चार पसरलेल्या ऑर्बिटल्सची ठरावीक प्रमाणात बेरीज-वजाबाकी केली, तर चार नवी ऑर्बिटल्स मिळतात आणि त्यांतले प्रत्येक जवळजवळ एकाच कार्बन-हायड्रोजन बंधापुरते मर्यादित असते. चारही ऑर्बिटल्स पूर्ण भरलेली असल्यामुळे या अदलाबदलीने रेणूचे एकूण तरंगफल बदलत नाही, प्रत्येक बिंदूवरची इलेक्ट्रॉनांची घनता बदलत नाही आणि एकूण ऊर्जाही तीच राहते. कागदावरच्या एखाद्या बिंदूचे स्थान सरळ अक्षांनी सांगितले काय किंवा तिरप्या अक्षांनी सांगितले काय, आकडे बदलले तरी बिंदू जागचा हलत नाही. तसेच हे आहे. त्यामुळे ‘खरी ऑर्बिटल्स कोणती?’ या प्रश्नाला मिथेनच्या मूळ (सर्वांत कमी ऊर्जेच्या) स्थितीपुरते उत्तरच नाही. दोन्ही संच सारखेच खरे आहेत.

वर्णपट मात्र मूळ स्थितीचा नसतो. तो एक इलेक्ट्रॉन गेल्यानंतर उरलेल्या आयनाविषयी सांगतो, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगायला हवे. समजा आपण चार सारख्या बंधांपासूनच सुरुवात केली. इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधातून गेला असेल, म्हणजे रिकामी जागा चारपैकी कोठेही असू शकेल. या चार शक्यता ऊर्जेने सारख्या आहेत आणि त्या एकमेकांत मिसळतात. चारही शक्यता सारख्या चिन्हाने मिळवल्या की आयनाची एक अवस्था मिळते. उरलेल्या तीन जुळण्या मिळून दुसरी, तिहेरी अवस्था होते, आणि दोन्हींची ऊर्जा वेगळी असते. म्हणजे बंधांच्या चित्रातूनसुद्धा एक आणि तीन हीच विभागणी निघते, अट एवढीच की बंधातली रिकामी जागा एकाच ठिकाणी खिळून आहे असे मानायचे नाही. वर्णपटाने संकरण खोटे ठरवले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते मला पटत नाही. संकरणाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून मागितले गेले, म्हणून ते चुकले असे वाटते.

पाण्याच्या रेणूवरही हाच विचार लागू पडतो. ऑक्सिजनवर ‘सशाच्या कानांसारख्या’ दोन सारख्या एकाकी (बंधात नसलेल्या) जोड्या काढण्याची प्रथा आहे. वर्णपटात त्या सारख्या दिसत नाहीत : सर्वांत सैल जोडी 12.6 इलेक्ट्रॉनव्होल्टला सुटते आणि ती रेणूच्या प्रतलाला लंब अशा 2पी ऑर्बिटलमध्ये असते, तर पुढचा पट्टा 14.7 च्या आसपास असून त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा बंधांतही काही वाटा असतो. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध कसे करतात, हे समजावताना दोन सारख्या जोड्यांचे चित्र सोयीचे पडते आणि ते अवश्य वापरावे. इलेक्ट्रॉन काढण्याचा किंवा प्रकाश शोषण्याचा विषय निघाला की ते बाजूला ठेवावे.

प्रश्न : ऑर्बिटलचे छायाचित्र घेतल्याच्या बातम्या येतात. मग ऑर्बिटल डोळ्यांनी पाहता येते, असे म्हणायचे का?

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर, इलेक्ट्रॉनांची घनता मोजता येते; क्ष-किरणांच्या विवर्तनाने स्फटिकांतली घनता मोजण्याचे काम नित्य चालते. ऑर्बिटल हे मात्र अनेक इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित तरंगफलाचे सोपे केलेले वर्णन आहे, आणि मिथेनच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे ते एकाहून अधिक प्रकारे करता येते. 2005 मध्ये पेंटासीनचा रेणू तांब्यावरील मिठाच्या अतिशय पातळ थरावर ठेवून सूक्ष्म सुईने त्याची जी चित्रे मिळवली गेली, त्यांत ऑर्बिटलचे परिचित आकार आणि मधल्या रिकाम्या रेषा स्पष्ट दिसतात. तेथेही मोजला गेला तो रेणूत एक इलेक्ट्रॉन शिरताना किंवा त्यातून बाहेर पडताना वाहणारा प्रवाह, म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या फरकाचा ठसा. हे यश मोठे आहे. तरीही त्याला सरळ ‘ऑर्बिटलचे छायाचित्र’ म्हणू नये, कारण वाचकाचा समज असा होतो की रेणूत तसे कप्पे मुळातच बनवून ठेवलेले आहेत.

प्रश्न : रेघा काढून दाखवताच येत नाही, असा एखादा साधा रेणू आहे का?

उत्तर : डायबोरेन. त्यात दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन आहेत. इथेनसारखी रचना कल्पिली तर सात रेघा लागतात, म्हणजे 14 इलेक्ट्रॉन हवेत. बोरॉनचे प्रत्येकी तीन आणि हायड्रोजनचा प्रत्येकी एक मिळून उपलब्ध आहेत फक्त 12. जोडीशिवाय बंध नाही असे मानणाऱ्यांना या रेणूने दीर्घकाळ अडचणीत टाकले होते.

1943 मध्ये ऑक्सफर्ड येथे विद्यार्थी असलेल्या क्रिस्टोफर लाँग्वेट-हिगिन्स यांनी आपले शिक्षक रॉनल्ड बेल यांच्यासह वेगळी रचना पुढे आणली. चार हायड्रोजन नेहमीप्रमाणे एकेका बोरॉनला जोडलेले असतात, त्यांत आठ इलेक्ट्रॉन जातात. उरलेले दोन हायड्रोजन दोन बोरॉनांच्या मधोमध, एक प्रतलाच्या वर आणि एक खाली, पुलासारखे बसतात आणि प्रत्येक पुलाच्या वाट्याला दोनच इलेक्ट्रॉन येतात. प्रत्येक पुलात बोरॉनचे एकेक आणि हायड्रोजनचे एक अशी तीन ऑर्बिटल्स मिसळतात. पहिल्या उत्तरातल्या मोजणीप्रमाणे त्यांपासून तीनच नवी ऑर्बिटल्स मिळतात : एक बंधकारक, एक जवळजवळ तटस्थ आणि एक बंधविरोधी. दोन्ही इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या ऑर्बिटलमध्ये बसून तीन अणूंना एकत्र धरतात.

याचा पडताळा मोजलेल्या अंतरांत मिळतो. टोकाच्या हायड्रोजनचे बोरॉनपासूनचे अंतर 119 पिकोमीटर असते. पुलावरच्या हायड्रोजनचे 133. एकच जोडी दोन दुव्यांना पुरवायची म्हटल्यावर प्रत्येक दुवा लांब आणि कमजोर होणारच. बोरॉन आणि हायड्रोजनच्या अशा अनेक संयुगांच्या रचना विल्यम लिप्सकॉम यांनी उलगडल्या आणि त्यांतल्या बंधांचे स्वरूप स्पष्ट केले. त्या कामासाठी त्यांना 1976 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डायबोरेनची आकृती काढताना आजही पुलावरच्या हायड्रोजनकडे दोन रेघा जाताना दाखवतात. तेथे दोन रेघा मिळून इलेक्ट्रॉनांची एकच जोडी असते, हे ध्यानात ठेवून ती आकृती वाचावी.